मीटरचा आलेख

परवा माझ्या मुलीनेच मला गप्प केलं. विजेच्या मीटरचं रीडिंग मी दर महिन्याला कॅलेंडरच्या पाठीमागे लिहितो. बदली होऊन जयपूरला आल्यापासूनची ती सगळी कॅलेंडरं तिने कॉलेजच्या कार्बन उत्सर्जनाच्या प्रोजेक्टसाठी मागून घेतली.

मी ऐटीत म्हटलं, "एलईडी लावले, फाइव्ह स्टार एसी घेतला, गच्चीवर सोलर बसवलं. बघ, आलेख कसा उतरतो ते."

तिने काढलेला दरमहा युनिट्सचा आलेख चढतच गेला होता.

"काहीतरी चुकलंय तुझं."

"नाही बाबा. एसी आला, तर कूलर किचनमध्ये गेला. सोलर आल्यावर तुम्ही दुसरा एसी घेतलात. मतलब, नवीन येत गेलं, जुनं गेलंच नाही."

"मग आता बंद काय करू?"

ती एसीकडे बघत राहिली.

"आज नको बाबा. आज फार गर्मी आहे."