टोकांना सुटलेला जोड

लायल: जोड खिडकीशी धर. आडवा नको, उभा. आता सांग काय दिसतंय.

ब्रायोनी: उजेड.

लायल: कुठून?

ब्रायोनी: दोन्ही टोकांकडून. मधे घट्ट आहे. वर चार बोटं लांब फट, खाली तीन.

लायल: मग यावर मी सही करू?

ब्रायोनी: काल संध्याकाळी मी गेले तेव्हा फट नव्हती, लायल.

लायल: मी जोड सकाळी तपासतो. एक रात्र टिकला तर जोड. नाहीतर लाकडाची नुसती दोन पातळ पानं शेजारीशेजारी पडलेली.

ब्रायोनी: तिसऱ्यांदा होतंय हे.

लायल: पहिल्यांदा चूक तुझी होती. तूच म्हणालीस.

ब्रायोनी: पहिल्यांदा हो. दुसरं पान उलटायचंच विसरले. उघडलेल्या पुस्तकासारखी दोन्हीकडे सारखी नक्षी यायला हवी होती, ती सगळी एका अंगाला झुकली. तुम्ही ते टाकून दिलंत, बरोबर केलंत. पण दुसरा जोड, आणि आता हा?

लायल: कड नीट तासली नसशील.

ब्रायोनी: दोन्ही पानं फळ्यांमध्ये आवळून दोन्हींवर एकदम रंधा मारला. तुम्ही शेजारी उभे होतात. म्हणालात, असा आवाज या खोलीत बऱ्याच वर्षांत ऐकला नाही.

लायल: म्हणालो असेन. व्हिनिअर म्हणजे कागदापेक्षा थोडं जाड लाकूड, पण शेवटी लाकूडच. मनात आलं की हलतं.

ब्रायोनी: त्याच्या मनात काही येत नाही, हेही तुम्हीच शिकवलंत.

लायल: मर्टलच्या लाकडाची आणखी पानं आहेत गठ्ठ्यात. अशी गुलाबी पानं आता मिळत नाहीत. उद्या पुन्हा कर. घाई कसली आहे?

ब्रायोनी: शुक्रवारची. सही केलेला कागद शुक्रवारी सिग्नेटला पोचायला हवा, सोमवारी मला तिथल्या होड्यांच्या कारखान्यात हजर व्हायचंय. मालकीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय, कागद नसेल तर त्या होबार्टच्या मुलाला घेणार. एकच जागा आहे. हे तुम्हाला मी दहा वेळा सांगितलंय.

लायल: पाण्यावर चालणाऱ्या वस्तूला व्हिनिअर लावायचं, म्हणजे कमालच आहे.

ब्रायोनी: आतल्या खोलीला लावतात. बाहेरून नाही.

[नेव्हिल, इमारतीचा राखणदार, किल्ल्यांचा जुडगा वाजवत आत येतो.]

नेव्हिल: दोघंच? मीही काय विचारतो. ती दोन पोरं जूनमध्ये सोडून गेल्यापासून दोघंच आहात.

लायल: काय हवंय, नेव्ह?

नेव्हिल: बाकं मोजायचीत. शुक्रवारी दुपारी ट्रक येतोय. बारा आहेत ना?

लायल: अकरा सांग. खिडकीजवळचं राहू दे.

नेव्हिल: कशाला? तुझा वर्ग शुक्रवारी बंद, सुट्टीनंतर इथं कॉफी करायला शिकवणार आहेत. तुझ्या बाकावर काय दूध सांडायचंय?

लायल: किती आठवड्यांचा वर्ग आहे तो?

नेव्हिल: सहा. आणि नावं किती आलीत माहितेय? चाळीस.

लायल: पाणी उकळायला चाळीस.

नेव्हिल: ती तुझ्याकडे आली असती तर तू पहिले तीन महिने त्यांना कप धरायला शिकवलं असतंस. बरं, दुसरं काम. तो हीटर. लायल, नोव्हेंबर संपत आलाय, उन्हाळा लागला. बाहेर लोक अर्ध्या बाह्यांत फिरतायत. आज सकाळी सातला दार उघडलं तर खोली भट्टीसारखी तापलेली. गेल्या गुरुवारीही तेच.

लायल: माझे गुडघे दुखतात.

नेव्हिल: गुडघे रात्री घरी नेतोस ना? की इथंच शेकत ठेवून जातोस?

लायल: जा रे आता.

नेव्हिल: निघालो. पोरी, शेवटची विद्यार्थिनी म्हणून जिन्यात तुझा फोटो लावणार आहेत म्हणे. दात घासून ये.

ब्रायोनी: येईन.

नेव्हिल: अकरा लिहितोय मी, लायल. पण ट्रकवाला वाचेलच असं नाही.

ब्रायोनी: गेला तो.

लायल: बडबड्या आहे. मनाने चांगला आहे.

ब्रायोनी: गुरुवारी सकाळी दुसरा जोड उघडलेला मिळाला. आज तिसरा.

लायल: हं.

ब्रायोनी: दोन्ही वेळा मी जोड फळीखाली ठेवून वर पाच विटा ठेवल्या होत्या. काल जाताना विटांभोवती पेन्सिलनं रेघ मारली. आज प्रत्येक वीट रेघेपासून बोटभर सरकलेली आहे.

लायल: पंचनामाच केलास.

ब्रायोनी: अजून आहे. त्याच दोन पानांच्या उरलेल्या तुकड्यांचा एक छोटा जोड केला. तोच रंधा, तीच डिंकाची कागदी पट्टी. तो वसतिगृहात नेला. विटा नव्हत्या, म्हणून तव्याखाली ठेवला. हा बघा.

लायल: दे इकडे.

ब्रायोनी: उजेडाकडे धरा.

लायल: धरतोय.

ब्रायोनी: दिसतंय काही?

लायल: नाही. नखालाही लागत नाही. कुठं एक पान संपतं आणि कुठं दुसरं सुरू होतं, रेघांवरूनच ओळखायचं. सुरेख आहे गं हे.

ब्रायोनी: मोठाही असाच होता.

लायल: होता.

ब्रायोनी: लाकूड सुकलं की रुंदीला आकसतं. टोकं आधी सुकतात, म्हणून टोकं आधी उघडतात. जुलैमध्ये तुम्ही फळ्यावर काढून दाखवलं होतंत. वर्गात मी एकटी, पहिल्या बाकावर, तरी शेवटच्या रांगेला दिसेल एवढं मोठं चित्र काढलं होतंत.

लायल: हात त्या मापाला बसलाय. एकतीस वर्षं.

ब्रायोनी: विटा कुणी हलवल्या?

लायल: तुला माहीत आहे.

ब्रायोनी: मला तुमच्याकडून ऐकायचंय.

लायल: मी हलवल्या. गेल्या बुधवारी मुद्दाम नव्हतं, एवढं खरं मान. तू गेलीस. मी तो जोड पुन्हा पाहायला बाहेर काढला. बाकावर ठेवला, समोर स्टूल घेतलं. पायाशी हीटर होता. बसलो तो बसलोच. मग उठून घरी गेलो. हीटर तसाच चालू, विटा तशाच खाली.

ब्रायोनी: आणि गुरुवारी सकाळी?

लायल: फट दिसली. सांगणार होतो, शब्द तोंडात होते. तेवढ्यात तू म्हणालीस, काही हरकत नाही, सोमवारी नवीन करते. आणि मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी गप्प राहिलो.

ब्रायोनी: आणि काल?

लायल: काल मुद्दाम.

ब्रायोनी: माझी जागा जाणार होती.

लायल: माहीत होतं.

ब्रायोनी: माहीत असून केलंत.

लायल: काल रात्री विटा उचलताना मी स्वतःला सांगत होतो, शुक्रवारपर्यंत वेळ आहे, ती बुधवारी पुन्हा करील, गुरुवारी सही देऊ. आणि गुरुवारी मी काय केलं असतं, ते मला सांगता येत नाही. ते खोटं सांगणार नाही.

ब्रायोनी: दोन रात्री मी झोपले नाही. हाताला काय झालं, याचा विचार करत होते. घरी, बेटावर, आजोबांना फोन करून विचारलं, तुमच्या हाताला कधी कंप होता का? ते घाबरले.

लायल: तुझे हात चांगले आहेत.

ब्रायोनी: आता मला माहीत आहे. तव्यानं सांगितलं. सांगायला तुम्ही हवे होतात.

लायल: हो.

ब्रायोनी: वसतिगृहात अख्ख्या मजल्यावर मी एकटी आहे. स्वयंपाकघरातला दिवा मी आत गेले की लागतो, बाहेर आले की विझतो. मी उकडलेले बटाटे खाते आणि दुसऱ्या खोल्यांची दारं मोजत झोपते. म्हणून मी कुणाचं काही मोडलं नाही, लायल.

लायल: नाही. तू नाही मोडलंस.

ब्रायोनी: सांगितलं असतंत तर मी तशीही आले असते. शिकायला ये म्हणाला असतात तर रविवारीही आले असते.

लायल: तसं विचारायचं असतं, हे मला सुचत नाही. माझ्याकडे लोक यादीत नाव आलं म्हणून यायचे. घरी मी एखादी वस्तू करीन, चांगली करीन. पण ती उजेडाकडे धर आणि सांग काय दिसतंय, हे कुणाला म्हणू?

ब्रायोनी: मला माहीत नाही.

लायल: तू सांगावंस म्हणून नाही विचारलं. तुझा कागद आण.

ब्रायोनी: तपासायला जोड कुठला दाखवायचा? मोठा तर उघडाच आहे.

लायल: ओला फडका घे. दमट केलं की टोकं जवळ येतील, मग नवी पट्टी लावू. लाकूड पाणी पिऊन परत येतं, वाया गेलेलं नाही. तू पट्टी लाव, मी फळी दाबतो.

ब्रायोनी: पट्टी दर्शनी बाजूलाच ना? नंतर घासून काढायची.

लायल: हे तू मला विचारतेस? दर्शनी बाजूलाच. आधी आडवे तुकडे, जोडावरून, जवळजवळ. मग लांब एक उभी. हां. सुकताना पट्टी जोड ओढून घेईल.

ब्रायोनी: हात काढा, बोट चिकटेल.

लायल: काढला.

ब्रायोनी: विटा मी ठेवते.

लायल: ठेव. हीटरचं बटण बंद आहे, बघून घे. वायरही काढ भिंतीतून.

ब्रायोनी: काढली. किती वेळ ठेवायचं?

लायल: दुपारपर्यंत बस झालं. पण सही मला आत्ताच करू दे. तुझा दुसरा जोड मी बुधवारी पाहिलाय, घट्ट होता.

ब्रायोनी: हा कागद. इथं 'निवड', इथं 'काप', इथं 'जोड'.

लायल: निवड, उत्तम. काप, उत्तम. जोड. आता तारीख. काम गेल्या बुधवारीच पुरं झालं होतं. बुधवारची टाकतो, आणि खाली उशिराचं कारण माझ्या नावानं लिहितो.

ब्रायोनी: कारण लिहिलंत तर शुक्रवारी तुम्हाला निरोप द्यायला खोलीत कुणी थांबणार नाही.

लायल: थांबणार तरी कोण होतं? सांग, बुधवार ना?

ब्रायोनी: आजची टाका. कारण नको. गुरुवार, शुक्रवार, सोमवार, मी इथंच होते, शिकत होते.