गुरुवारी लिहिलेली शुक्रवारची सभा

साप्ताहिक गुरुवारी छापायचं, शनिवारी वाटायचं. म्हणून शुक्रवारच्या सभेचा वृत्तांत गुरुवारीच लिहून मोकळं व्हायचं, हा संपादकांनी त्र्यंबकला शिकवलेला पत्रकारितेचा पहिला धडा. आपला पहिलावहिला वृत्तांत छापून आल्याच्या ऐटीत तो मलकापूरच्या मोटारअड्ड्यावर बुलढाण्याच्या मोटारीची वाट बघत बसला होता. शेजारच्या बाकावर दोघं तोच अंक वाचत होते.

"हे वाचा, रहेमतुल्लाभाई. वरवट बकालच्या सभेत उत्तमरावांनी सरकारच्या विरोधात तासभर घणाघाती भाषण केलं!"

"उत्तमराव म्हणजे तुम्हीच ना?"

"हाव, मीच."

"पण शुक्रवारी तर तुम्ही माझ्या पोरीच्या शादीत जेवून राह्यले होते!"

"तेच तर! सभा झालीच नाही."

"मंग पेपरवाल्यावर रागावले असान?"

"काऊन रागावू? टाळ्यांचा कडकडाट झाला म्हन्ते. बायको पहिल्यांदाच मले मान देऊन राह्यली. पाच अंक घेतले म्या."

"मंग बुलढाण्याले कशाले निघाले?"

"फौजदारानं बोलावलं. म्हन्ते, काय काय बोलले ते लिहून द्या."

"सांगा ना, बोललोच नाही म्हणून."

"निरोप घेऊन आलेल्या शिपायाले सांगितलं. तर म्हन्ते, पेपरात काय खोटं छापतात?"

"या अल्ला! मंग आता?"

"आता तो लिहिणारा शोधून राह्यलो."

त्र्यंबकनं कानावरची पेन्सिल हळूच खिशात सारली.

"माझ्या भाषणाले हजर होता, असा दुनियेत तो एकटाच मानूस हाये."