जबाबदारी वाढली आहे

नवरा : आधी केक खा, मग सांगतो.

बायको : आधी सांग, मग खाते. आणि खाणार तर आहेच, ती काळजी नको. पाचवा महिना लागल्यापासून समोर ठेवलेलं काहीही चालतं मला. खोकंसुद्धा खाईन.

सासूबाई : आधी बस तरी. आल्यापासून उभीच आहेस.

बायको : आई, दिवसभर बसूनच होते. प्रेसमध्ये मला कोणी उभंच राहू देत नाही. छपाईच्या मशीनपाशी गेले की मागून खुर्ची येते. आज कागदाचं एक बंडल उचललं, तर चौघं धावत आले, जणू मी ते पळवून नेतेय.

सासूबाई : मग बरोबरच आहे. पोट दिसायला लागलं की माणसं जपतात.

बायको : तेच म्हणतेय मी! पहिले तीन महिने शाईच्या वासाने ओकून ओकून अर्धी झाले होते. बाथरूममध्ये जायचं, तोंड धुवायचं, परत मशीनवर. तेव्हा साहेब काय म्हणाले? ‘पित्त झालं असेल, बाहेरचं खाऊ नका.’ तेव्हा पोट दिसत नव्हतं ना. आता भूक लागते, झोप लागते, अंगात जोर आहे. पँटच्या बटणाला रबरबँड लावावा लागतो, एवढाच काय तो त्रास. आणि आता सगळ्यांना मी काचेची वाटायला लागले!

नवरा : तुला आज साहेबांनी बोलावलं होतं का?

बायको : तुला कसं कळलं?

नवरा : आमच्या बांधणी खात्यात कोणीतरी म्हणालं.

बायको : बोलावलं होतं. छपाईचे प्रमुख निवृत्त झाल्यापासून ते खातं मीच ओढतेय, हे त्यांना मान्य आहे. पण म्हणाले, ‘आता तुमची जबाबदारी वाढली आहे. त्यात हा भार कशाला? ती जागा दुसऱ्या कोणाला देतो, तुम्ही आपली प्रुफं तपासा.’ इतक्या मायेने बोलत होते की मी आभार मानून बाहेर आले. जिन्यात आल्यावर डोक्यात प्रकाश पडला, की आपल्याला बाजूला केलं.

सासूबाई : अगं बाई! कोणाला दिली मग?

बायको : ते नाही सांगितलं. भरवशाचा माणूस आहे म्हणाले. आता तू सांग. केक कशाबद्दल?

नवरा : साधाच आहे. बांधणीवाल्यांनी हातात कोंबला.

बायको : त्यावर काहीतरी लिहिलं होतं. ‘अभि’ राहिलंय, पुढचं कोणीतरी बोटाने पुसलंय.

नवरा : मीच. बाहेर, दारात उभा राहून. सगळं पुसणार होतो, तेवढ्यात आईने दार उघडलं.

सासूबाई : अरे, कोड्यात काय बोलतोस? नीट सांग.

नवरा : ती जागा मला दिली आहे.

सासूबाई : कुठली जागा?

बायको : माझी.

नवरा : मी मागितली नव्हती गं. बोलावलं, खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, ‘बाप होणार तुम्ही. जबाबदारी वाढली आहे. आता पुढे आलं पाहिजे.’

बायको : हेच शब्द?

नवरा : हेच.

बायको : म्हणजे बाळ एकच. त्याच्यामुळे तुझी जबाबदारी वाढली म्हणून तुला वर चढवलं, आणि माझी वाढली म्हणून मला खाली उतरवलं.

सासूबाई : जाऊ दे. जागा घरातच राहिली ना? त्याची काय नि तुझी काय.

बायको : हो ना, आई. मग उद्यापासून स्वयंपाकही घरातच राहू दे. तो करेल.

सासूबाई : तो? त्याला मीठ किती घालायचं कळत नाही.

बायको : त्याला शाई किती सोडायची तेही कळत नाही.

नवरा : खरंय ते. मला पुस्तकं शिवता येतात, छापता कुठे येतात? मी तिथेच नाही म्हणणार होतो.

बायको : मग म्हणालास का?

नवरा : ‘आभारी आहे’ म्हणालो.

बायको : मीही. छान जोडा जमलाय आपला.

नवरा : थांब. आत्ताच सांगतो त्यांना.

सासूबाई : अरे, चालून आलंय ते कशाला घालवतोस?

(नवरा फोन लावून स्पीकरवर ठेवतो.)

साहेब : बोला, छपाईप्रमुख!

नवरा : साहेब, ती जागा मला नको. मला छपाई येत नाही.

साहेब : येईल हो. घरात शिकवणी आहेच की तुमच्या.

नवरा : आणि बाळ झालं की मी रजा घेणार आहे. ते आजारी पडलं तर दवाखान्यात मी नेणार, खाडा मी करणार. जबाबदारी वाढली आहे ना, तुम्हीच म्हणालात.

साहेब : अहो, ती जबाबदारी वेगळी! ते बघायला घरात आई असते.

सासूबाई : साहेब, मीच आई बोलतेय. मला धरून चालू नका. माझे गुडघे गेलेत.

साहेब : नमस्कार, नमस्कार. तसं नव्हतं म्हणायचं मला. पण कामाचं काय मग? शाळेची पुस्तकं तोंडावर आलीत, आणि बापच असे रजा घ्यायला लागले तर प्रेस चालवायची कशी?

बायको : साहेब, आत्ता चालवतेय तशी. मी आहे. रजेवर जाण्याआधी कोणाला तरी तयार करीन, आणि परत येईन.

साहेब : तुम्हीही ऐकताय होय... बरं. तात्पुरतं तुम्हीच बघा. पण तात्पुरतं हं!

बायको : चालेल. मात्र ते उद्या सगळ्यांसमोर सांगा. आणि प्रुफं दुसऱ्या कोणाला द्या.

साहेब : देतो, देतो. फक्त ती बंडलं उचलू नका, एवढं ऐका.

बायको : ते ऐकते.

नवरा : ठेवला फोन.

सासूबाई : तात्पुरतं म्हणाले गं ते.

बायको : आई, पोटही तात्पुरतंच असतं. ते काही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

नवरा : अजून रागावली आहेस?

बायको : थोडी. पण हात इकडे आण. तिथे नाही, जरा खाली. दाबू नकोस.

नवरा : काय गं?

बायको : आज हललं. पहिल्यांदाच. साहेबांच्या केबिनमध्ये.

नवरा : आणि हे तू आत्ता सांगतेस?

बायको : साहेब म्हणत होते, आता स्वस्थ बसायचं. मी बसले. ते नाही बसलं.