बिनफोडणीचं वरण

मंदा : चपलेला चिखल आहे, आबा. कॉलेजच्या मैदानावर चिखल कुठून आला?

आबा : नळ फुटला असीन एखांदा.

मंदा : आणि धोतराला ही कोथिंबिरीची काडी?

आबा : तू वकील व्हायले पाह्यजे व्हती, माय. बी. ए. करून वाया गेली.

मंदा : हसू नका. डॉक्टरांनी सकाळी तासभर मोकळ्या हवेत फिरायला सांगितलं. तुम्ही दोन-दोन तास येत नाही. मी पोरीला काखेत घेऊन गॅलरीत उभी. तुमचे चिरंजीव नंदुरबारला दौऱ्यावर. तुम्हाला चक्कर आली, तर या धुळ्यात मी कोणाला हाक मारू?

आबा : आली नही ना पण?

मंदा : कुठे जाता?

आबा : पांझरेच्या काठी. फिरायलेच गेलो व्हतो पह्यले. पण हातात ना विळा ना दोर, नुसते हात हालवत जायचं न् हालवत यायचं. तिसऱ्या दिवशी एका बाईनं इचारलं, ‘बाबा, काही हरवलं का?’

मंदा : मग?

आबा : काय सांगू तिले? पुढं गेलो. तठी पुना म्हणून एकाचा भाजीपाल्याचा मया शे. पाणी भरत व्हता, वाफा फुटला. मी धावलो, माती लावली. तव्हापासून रोज जातो. दोन वाफे निंदतो, पाणी धरतो.

मंदा : मळ्यात राबता? तुमच्या छातीत धडधड होते म्हणून तर रावेरची केळी सोडवून इकडे आणलं!

आबा : तठी व्हत नही धडधड. अठी व्हते.

मंदा : आणि खाता काय तिथे? आबा, माझ्याकडे बघून सांगा.

आबा : पुनाची बायको भागाबाई भाकर आणते. बाजरीची. मी चतकोरच घेतो.

मंदा : चतकोर?

आबा : अर्धी. बरं, एक. वरतून ठेचा.

मंदा : ठेचा! अहो, कालच डॉक्टरांनी प्रेशर मोजलं. एकशे ऐंशीचं दीडशेवर आलं. म्हणाले, ‘पथ्य छान सांभाळलंत, बाई.’ मी वेडी, रिक्षात बसून हसत होते. यांना पत्रसुद्धा टाकलं!

आबा : चांगलं केलं. तुझ्याच हाताले गुण आला म्हन.

मंदा : थट्टा नको. सहा आठवडे एक दिवस चुकले नाही मी. अळणी भाजी, उकडलेला दुधी, बिनफोडणीचं वरण. मलाही ते गिळवत नाही, पण तुम्हाला एकटं वाटू नये म्हणून तेच खाते. आणि तुम्ही नदीवर जाऊन ठेचा खाता. माझं चुकलं काय, तेवढं सांगा.

आबा : काही चुकलं नही.

मंदा : सांगाच.

आबा : तुझी सासू गेली, तव्हा तू रावेरले किती दिवस व्हती?

मंदा : तेरा दिवस.

आबा : तेवढ्या दिवसांत घरात फोडणी देली का कोणी?

मंदा : सुतकात कोण देतं फोडणी?

आबा : तेराव्याले देली. मंग तुम्ही माले अठी आणलं, डॉक्टरनं प्रेशर पाह्यलं, आन् दुसऱ्या दिवसापासून...

मंदा : अगं बाई!

आबा : ताटावर बसलो का वाटते, तोच दिवस उगवला. घरातून नुकतंच कोणी गेलं. मंग सुरू व्हते धडधड. समोर तू पोरीले थोपटत बसेल, तोंडावर भेव. इतकं जीव लावून करते, तुले बोलू कसं?

मंदा : डॉक्टरांच्या चिठ्ठीत ‘मीठ कमी’ एवढंच होतं, आबा. भीतीपोटी मीठ मी बंदच केलं. फोडणी बंद करणं तर माझीच भर.

आबा : रडू नको. पोरगी पाहून राह्यली.

मंदा : रडत नाहीये. ऐका. ठेचा बंद म्हणजे बंद. मंगळवारी डॉक्टरांना सगळं खरं सांगायचं. मळ्यात जा, पण उन्हाच्या आत परत या. उद्या मीही येते पोरीला घेऊन. भागाबाईंना सांगते, यांच्या भाकरीवर कांद्याची पात द्या, मुळा द्या, ठेचा नको.

आबा : ती ऐकायची नही. तुझ्याच वानाची शे.

मंदा : बघते मी. तुम्ही बसा, वरण अजून गरम आहे.

(स्टोव्हचा भर्र आवाज. थोड्या वेळाने तेल तडतडतं.)

मंदा : जिरं घातलं. मिरची नाही घालणार, मीठ चिमूटभर.

आबा : आन् लसूण?

मंदा : चिरतेय.

आबा : चिरू नको. ठेच. सालासकट.

मंदा : सालासकट?

आबा : तुझी सासू म्हणे, साल जळल्याबिगर घमघमाट गल्लीत जात नही. एकदा काय झालं...

मंदा : ठसका लागला का? थांबा, पाणी आणते. छातीत काही...

आबा : राहू दे पाणी. बोलू दे माले. आज तिच्याबद्दल बोलता येऊन राह्यलं.