चिवट

डब्याचं झाकण खट्‌कन उघडलं आणि किरणोपचाराच्या खोलीबाहेरची शांतता मोडली. तिचा नवरा उपचारासाठी आत गेलेला. लेकीला मांडीवर घेऊन बसलेल्या तिचे कान नकळत शेजारच्या दोघी बहिणींकडे लागले.

“दोन घास खा गं, ताई.”

“गिळवत नाही. तुझ्या प्रयोगशाळेतलं सांग काही.”

“काळ्या बुरशीवर अवकाशातल्यासारखे किरण सोडले. माणूस शंभरदा मेला असता. ही बया मजेत वाढतेय!”

“कौतुक बघा! जशी पोटची पोर.”

“फार चिवट गं.”

“माझी गाठही तशीच. तीस वेळा किरण दिले. मी वाळले, ती वाढली. मघाशी तू डबा आणायला गेलीस ना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, उद्यापासून येऊ नका.”

झाकण हळूच लागलं.

“आई,” मांडीवरून लेकीने विचारलं, “बाबांची गाठ पण चिवट आहे?”