करीचा डाव

आमचं मूळ गाव तिकडं शहागडच्या अंगाला, गोदावरीच्या, म्हंजे आमच्या गंगेच्या काठी. बाप लाकूड कापायचा, त्याचा बाप बी लाकूडच कापायचा, तवा मी काही तालुकदार व्हनार नव्हतो हे माझ्या बारशाच्या आधीच ठरल्तं. निजामाचं राज व्हतं. बापाला जालन्यात काद्राबादच्या एका वखारीत काम लागलं, मंग आम्ही बैलगाडीत चूल, जातं आन् आजीला घालून इकडं आलो, आन् गाव सुटलं ते सुटलंच. माझं नाव लिंबाजी, पर वखारीत समदे लिंबाच म्हनायचे. अजून बी कोनी जुनं मानूस भेटलं तर लिंबाच म्हनतं. बरं वाटतं ऐकायला.

आरा ओढायचं काम तुम्ही पाह्यलं न्हाई, कारन आता मशीन आली. आरा म्हंजे मानसायेवढी करवत, दोन टोकाला दोन मुठी. लाकडाचा ओंडका उंच घोडीवर बांधायचा, एकजन वर उभा, एकजन खाली, वरच्यानं वर ओढायचं, खालच्यानं खाली. सकाळपासून दिवस कलेपर्यंत हेच. वर आमचे हुसेनभाई, खाली मी. वरच्याला हवा लागते, खालच्याला भुसा. डोळ्यात भुसा, कानात भुसा, मिशीत भुसा, भाकरीत भुसा. घरी गेलो की बायको आधी अंगनात उभं करून झाडूनं झटकायची, मंगच आत घ्यायची. हात असे थरथरायचे की काय सांगू तुम्हाला, पान्याचा लोटा दोन हातानं धरावा लागे. बायको म्हंजे आमची कौसा. ती आता चुलीपाशी बसली हाय, आपलं ऐकून राह्यलीय, म्हनून जरा बेतानं सांगतो.

आता एवढं थकल्यावर मानसानं काय करावं, तर झोपावं. मी पत्ते खेळायचो. आन् निस्ता टाइमपास न्हाई, मन लावून. छावनीतला एक पेन्शनी शिपाई वखारीत राखनीला व्हता, त्यानं फलास शिकवला. पत्ते तीनच, ज्याचे त्याच्यापाशी, कोनाला दाखवायचे न्हाईत. पत्ते चांगले असले तर लावत जायचं, आन् चांगले नसले तरी लावत जायचं, फक्त समोरच्याला वाटलं पायजे की हाय बुवा याच्यापाशी काहीतरी. भ्याला तो पत्ते टाकून देतो, मंग तुम्ही जिंकले, तुमचे पत्ते कोनी पाहत बी न्हाई. पैशानं खेळलं की पोलिसातला अमीनसाहेब धरून न्यायचा, म्हनून आम्ही चिंचोक्यानं खेळायचो. चिंचोक्यानं कोन खेळतं असं म्हनू नका. मानसाला हार म्हंजे हारच लागते, मंग समोर काही बी असू द्या.

वखार सुटली की दिवेलागनीच्या आत निवृत्ती मापाड्याच्या ओट्यावर आमचा डाव. हा निवृत्ती मोंढ्यात धान्य मापायचा. जनमभर माप घेऊन घेऊन त्याची नजर अशी झाल्ती की मानूस समोर बसला की तो बराबर सांगायचा, याच्यापाशी राजा हाय, याच्यापाशी फुसकं हाय. लई बेरकी गडी, पर दिलदार. त्याच्यापुढं समद्यांची दांडी गुल, एक मी सोडून. संध्याकाळी मी त्याला हरवायचो आन् जुम्म्याला, वखार बंद असायची त्या दिवशी, बिलकुल एक डाव हाती लागायचा न्हाई. असं का, मला काही उमजंना. मी म्हन्लं जुम्मा आपल्याला धार्जिना न्हाई.

हुसेनभाईला उमजलं. त्ये स्वतः खेळायचे न्हाईत, ओट्याच्या कडंला बिडी ओढत बसायचे. एक दिवस आरा ओढता ओढता वरून म्हन्ले, अरे लिंबा, कामावरनं येतो ना तू, तेरे मुँह पे कुच लिखाच नै रहता. भुसा आन् थकवा, बस. निवृत्ती वाचनार काय? आन् जुम्म्याला तू झोपून, न्हाऊन, जेवून येतो, एक्का आला की तुझ्या मिशा नाचत्यात. मी खाली उभा, तोंडात भुसा, असा हसलो की ठसका लागला. म्हंजे पाहा, जी गोष्ट मला खात व्हती तीच मला जिंकवत व्हती. त्या दिवसापासून मला आऱ्याचा कंटाळा येईना. जेवढा दमेन तेवढा खेळेन, असं झालं.

पर त्याचं बी एक व्हतंच. खेळून घरी गेलो तरी डोक्यात पत्तेच. पडल्या पडल्या डाव लावायचो, त्यानं काय केलं असतं, मी काय केलं असतं. झोप पुरी व्हईना. मंग एक दिवस दुपारी आरा ओढता ओढता उभ्या उभ्याच डोळा लागला. हात चालूच. वरून हुसेनभाई ओरडले तवा कुठं जागा झालो, तोवर सागाचं फळकूट सुटून माझ्या पायाशेजारी दनकन पडलं. इतभर इकडं पडलं असतं तर पाय गेला असता. झालं, हे घरी कळायला किती येळ लागतो?

कौसा भांडली न्हाई. भांडली असती तर बरं झालं असतं. ती निस्ती माझ्या पायाकडं पाहत बसली आन् रडली. म्हन्ली, मला पांगळा नवरा चालंल, पर मेलेला चालनार न्हाई, आरा सोडता येत न्हाई तर पत्ते सोडा. आता माझा सोभाव कसा, कोनी सोड म्हन्लं की मी धरनार. मी तिथंच दिव्यावर हात ठेवला आन् म्हन्लं, पोळ्याच्या करीला मोठा डाव हाय, तो जिंकलो न्हाई तर पत्ते कुंडलिका नदीत टाकीन, परत हात लावनार न्हाई. बोलून बसलो. ती म्हन्ली, बरं. आन् मंग माझ्या ध्यानात आलं की करीला वखार बंद असती.

तुम्हाला म्हाईत हाय, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर. बैलाच्या मानेवर जू ठेवायचं न्हाई, आरा न्हाई, कुऱ्हाड न्हाई, जातं बी न्हाई. म्हंजे मी झोपून, पोळी खाऊन, मिशीला तेल लावून निवृत्तीसमोर बसनार आन् तो माझं तोंड घडाघडा वाचनार. पोळ्याच्या दिवशी समदे बैलाच्या मागं नाचून राह्यले अन् मी आपला तोंड पाडून. हुसेनभाई म्हन्ले, रोता कायकू? आमच्यात कर कुठं असती? माझ्या घराची भिंत पावसानं बसली, उद्या फजरला ये, चिखल तुडव.

मंग काय, करीच्या सकाळी समदं गाव पाय पसरून बसलेलं आन् मी हुसेनभाईच्या अंगनात मांडीइतक्या चिखलात. माती, भुसकट, पानी, तुडव तुडव तुडवलं. हुसेनभाई खाटेवर बसून और थोडा, लिंबा, और थोडा करून राह्यले. त्यांची घरवाली, आमची भाभी, पदराआड हसत व्हती. मला नंतर कळलं की भिंत एकच पडल्ती, पर चिखल त्यांनी तीन भिंतीचा करून घेतला. दोस्त असावा तर असा! दुपार कलली तवा माझे गुडघे बोलायला लागले. न न्हाता, तसाच, वाळल्या चिखलाच्या तोंडानं ओट्यावर जाऊन बसलो.

करीच्या डावाची आमच्या गल्लीची रीत अशी की जो जिंकनार त्याच्या कपाळाला पोळ्यातलं बैलाचं बाशिंग बांधायचं आन् वाजवत गल्लीतून फिरवायचं. म्हनून बायका, म्हाताऱ्या समद्या पाहायला. एकेक जन गळत गेला, मी आन् निवृत्ती राह्यलो. मधी चिंचोक्याचा ढीग. शेवटचे पत्ते वाटले. मी उचलून पाह्यले, तर पंजी, तिर्री आन् दुर्री, रंग बी एक न्हाई. याच्याहून भिकार पत्ते अख्ख्या जोडात सापडनार न्हाईत. पत्ते टाकावे तर उरलेल्या मूठभर चिंचोक्यावर काही व्हनार नव्हतं. मंग मी व्हते नव्हते तेवढे समदे ढिगात लोटले.

निवृत्तीनं माझ्याकडं पाह्यलं. लई येळ पाह्यलं. मी चिखलाचा. त्याला काही दिसंना. त्यानं पत्ते पाह्यले, परत मला पाह्यलं, मंग माझ्या डोक्यावरून मागं कुठंतरी पाह्यलं, आन् हात कपाळाला लावून म्हन्ला, जा लेका, घे. पत्ते टाकून दिले! त्याच्यापाशी दोन राजे व्हते. मी माझी पंजी, तिर्री, दुर्री उलटी करून दाखवली तर ओट्यावर असा गलका झाला की शेजारचे बैल दावं तोडायला लागले. निवृत्तीच सगळ्यात जास्ती हसला, त्यानंच माझ्या कपाळाला बाशिंग बांधलं. हुसेनभाई हलगीवाल्याच्या पुढं नाचले. लग्नात बी मी एवढा मिरवलो नव्हतो.

संध्याकाळी जेवताना मी कौसाला म्हन्लं, पाह्यलंस का, माझं तोंड म्हंजे भिंत हाय भिंत. ती भाकरी थापत म्हन्ली, तुमच्या तोंडाला कोन भ्यालं? मी तुमच्या मागं पान्याचा लोटा घेऊन उभी व्हते. मी म्हन्लं, मंग, तू पत्ते पाह्यले? म्हन्ली, मला पत्ते कुठं कळतात, पर तुमचा कान कळतो. खोटं बोलायचं असलं की तुमचा डावा कान लाल व्हतो. मला पाहायला आल्ते तवा माझ्या बापाला तंबाखू खात न्हाई म्हन्ले, तवा बी झाल्ता. आज चिखलातून बी लाल दिसला. म्हनून मी आपली डोक्यावरचा पदर नीट केला, निवृत्तीभाऊजीकडं पाहून गालात हसले आन् शेजारनीला म्हन्लं, बाई, आज घरी गोड करावं लागतंय.

मी घास ताटात ठेवला. मी म्हन्लं, अगं, तू निस्तं तोंड पाडलं असतं तर मी हरलो असतो, पत्ते कुंडलिकेत गेले असते. तुला तेच पायजे व्हतं ना? ती म्हन्ली, मला तुमचा पाय पायजे व्हता, तुमचं हसू नको कवा म्हन्लं? आरा ओढून निस्ता भुसा घरी येईल, त्याला काय करू? उद्यापासून दुपारची भाकरी खाल्ली की तिथंच भुशावर घडीभर झोपायचं, हुसेनभाईला मी सांगितलंय, त्ये उठवतील. आन् मंग खेळा काय खेळायचं ते. डोळ्यात पानी आलं, मी म्हन्लं धूर लई झाला. तवा कान लाल झाला असंल, कारन ती हसली.

पुढं लई वर्षं तसंच केलं. दुपारी भुशावर झोप, संध्याकाळी निवृत्तीचा ओटा. आरा कवा चुकला न्हाई, डाव बी चुकला न्हाई. मंग राज बदललं, मशीन आली, हुसेनभाई गेले, निवृत्ती गेला. माझे हात आता आरा काय, लोटा बी धड धरीत न्हाईत, पर तीन पत्ते धरतात. दुपारी आम्ही दोघं खेळतो. तिला कुनी शिकवलं न्हाई, पाहून पाहून शिकली, आन् रोज मला हरवती. मी वैशाखात बी मफलर गुंडाळून बसतो, तर म्हनती, उन्हानं कान भाजले का काय? लई सुखात हाये मी. देवानं तुम्हाला बी असंच ठेवावं, कामानं दमवावं, पर हसायला घर द्यावं.

बसा, जाऊ नका, तिनं चहा टाकलाय. साखर संपली हाय, गूळ बी जुनाच हाय. पर चहा बेस झाला म्हनायचं असंल तर आधी टोपी कानावर ओढून घ्या.