तुरीच्या ओळीत

दसऱ्यानंतरचा मंगळवार हाय आज. शीतादही झाली, म्हणजे पहिल्या वेच्याआधी वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवला अन् कापूस वेचाले लागलो. कोण कोण होतो ते लिवून घ्या: मी लता, वलगावच्या बाया जमवून वावरात नेतो ते मी, शबानाबी, तिची सून, अन् माही चुलतसासू अनुसयाबाई, मी तिले काकी म्हणतो.

माह्या मायनं दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडली, मी तिथंच वाढली. मजुरीत थोडे पैसे अन् खायले सुकडी भेटे. माय सांगे, साहेब आला का उभं राहाचं, बसलेली बाई दिसली का हजेरीतून नाव गेलं. अन् आता काय सांगू तुम्हाले, काकी काम करताना दिसू नये म्हणून बसते. तिचा मालक वारला, लेकरू नाई, सरकारचा निराधारचा पगार हाय. पण तो येते कधी, नाई कधी, मंग खाईन काय, म्हणून वेचाले येते. अन् गावात कोणी म्हणलं, कमावताना दिसली त पगार बंद करतीन. कोण म्हणलं, माहीत नाई. तवापासून तोंडाले रुमाल, अंगात मालकाचा जुना शर्ट, अन् गाडीचा आवाज आला का कापसाच्या मधातल्या तुरीत शिरते.

आज दुपारी फटफटी आली. शबानाबी काकीले म्हणे, खाला, बैठ जाव. बसली. तो निंघाला औषधवाला, फवारणीचं इचारून गेला. शबानाबी म्हणे, खाला, निकलो, तुमारा मेहमान गया. आमी हासलो बी. पण काकी निंघेच ना. जाऊन पाह्यतो त उकिडवी बसेल, अन् पायाजवळून साप चालला. आमी ओरडलो तवा तो भेगेत गेला. मी म्हणलं, काकी, आवाज काहून नाई देल्ला? म्हणे, फटफटी गेली का, आधी ते सांग.

कोणती बाई कोणत्या वावरात, आटोत कोण, पानी कोण नेईन, सारं मी सकाळीच ठरवतो. हे एकच काम होऊन नाई राह्यलं. तहसीलात जाऊन इचाराचं हाय, म्हातारीनं कापूस वेचला त पगार खरंच बंद होते काय. पण इचारलं त पहिले म्हणतीन, कोणती म्हातारी, नाव सांगा. एकडाव गेली बी, पण तहसीलच्या फाटकापासूनच वापस आली मी. उद्याचा वेचा त्याच वावरात हाय, काकी येतो म्हणते, अन् इचाराचं तसंच राह्यलं हाय.